आधी आवाज, मग कॅमेरा

१२ मार्च २०२० रोजी नेदरलँड्सच्या सरकारने शंभरपेक्षा जास्त माणसे जमतील असे कार्यक्रम बंद केले आणि विद्यापीठांना मोठी व्याख्याने ऑनलाइन घ्यायला सांगितले. थोड्याच दिवसांत तिथले वर्ग पडद्यावर भरू लागले. त्याच महिन्यात आपल्याकडचीही कॉलेजे बंद झाली, पण आपले बहुतेक प्राध्यापक घरात हातात फोन घेऊन एकटेच उभे होते. यात पैशाचा फरक होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठा फरक तयारीचा होता. वर्गाचे चित्रीकरण हे प्राध्यापकाचे खासगी कौशल्य नसून संस्थेची नेहमीची सोय आहे, असे डच विद्यापीठांनी साथीच्या कितीतरी आधीच ठरवून टाकले होते. ही सोय त्यांनी कशी उभी केली, त्यातले आपल्या कॉलेजांना काय घेता येईल आणि ते स्वतः कुठे अडखळले, हे पाहण्यासारखे आहे.

खोलीच तयार ठेवायची

डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात या सोयीला 'कॉलेजरामा' असे नाव होते. 'कॉलेज' म्हणजे डच भाषेत वर्गातले व्याख्यान. मोठ्या व्याख्यानगृहांत कॅमेरा आणि माइक कायमचे बसवलेले. मागे 'मीडियासाइट' नावाची यंत्रणा. ती एका बाजूला प्राध्यापकाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या संगणकाचा पडदा टिपते आणि दोन्ही एकाच वेळेच्या पट्टीवर जोडते. विद्यार्थ्याने एखाद्या स्लाइडवर बोट ठेवले की व्याख्यान त्या जागेपासून सुरू होते.

डेल्फ्टमधले तास ठरलेल्या घड्याळाने चालतात. सकाळी पावणेनऊ, मग पावणेअकरा. पंचेचाळीस मिनिटे शिकवणे, पंधरा मिनिटे सुट्टी, पुन्हा पंचेचाळीस मिनिटे. वेळ अशी बांधलेली असली की चित्रीकरणही वेळापत्रकालाच बांधता येते, बटण कुणी दाबायचे हा प्रश्न उरत नाही.

आपल्या कॉलेजांनी यातून घ्यायचे ते एवढेच : प्रत्येक प्राध्यापकाला एकेक वेबकॅम वाटण्याऐवजी एक खोली नीट करा. माइक, कॅमेरा, दिवा आणि संगणक कायम जोडलेले असावेत, भिंतीवर चार ओळींच्या सूचना असाव्यात आणि एका माणसाकडे त्या खोलीची जबाबदारी असावी. वीस जणांना वीस उपकरणे वाटली की सहा महिन्यांत निम्म्या केबली हरवतात. एक खोली मात्र वर्षानुवर्षे चालते.

आवाजाला पर्याय नाही

चित्र धूसर असले तर विद्यार्थी डोळे बारीक करून पाहतो, पण आवाज फाटका किंवा घुमणारा असला तर पाच मिनिटांत बंद करतो. म्हणून खर्चाचा पहिला रुपया माइकवर जावा, असे माझे ठाम मत आहे.

यामागचा हिशेब सोपा आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. भिंतींवरून परतणारा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र खोलीभर जवळपास सारखीच असते. त्यामुळे माइक लांब गेला की शब्द बुडतात आणि खोलीच ऐकू येते. लॅपटॉपमधल्या माइकवर फळ्याजवळून शिकवणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो तो यामुळेच. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला की अर्धे दुखणे जाते. साडीचा पदर किंवा ओढणी त्यावर घासणार नाही एवढे पाहायचे, कारण तो खरखराट नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता निघत नाही. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी बोलण्याच्या भरात उणे बारा डेसिबलच्या आसपास राहावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा जोडता येत नाही.

डच व्याख्यानगृहांत छताला पंखे नसतात आणि खिडक्या बंद असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंखा बंद करून शिकवणे म्हणजे शिक्षाच. यावर उपाय माइक तोंडाशी आणणे हाच, पंख्याशी भांडणे नव्हे. खोली घुमते का, हे पाहायला मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीची शेपटी ऐकू आली तर जाड पडदे लावावेत. मागच्या भिंतीवर सतरंजी किंवा जुनी गोधडी टांगली तरी फरक पडतो.

आणि एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. वर्गातल्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की प्राध्यापकाने तो आपल्या माइकवर पुन्हा म्हणावा आणि मग उत्तर द्यावे. तसे केले नाही तर घरी ऐकणाऱ्याला अर्धे मिनिट शांतता ऐकू येते आणि पाठोपाठ "बरोबर, पण तिथे उणे चिन्ह येईल" असे अधांतरी वाक्य. प्रश्न पुन्हा म्हटल्याने मागच्या बाकांवरच्या मुलांनाही तो कळतो.

फळा, पेन आणि हँगर

गणित, रसायन, स्थापत्य यांसारखे विषय स्लाइडवर शिकवले की मरतात. समीकरण एकेक पायरीने उलगडताना पाहणे हेच तिथे शिकणे असते, म्हणून हाताचे लिखाण दिसलेच पाहिजे. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे खरा फळा. कॅमेरा स्थिर ठेवावा, फळ्याचे उभे भाग पाडून डावीकडून उजवीकडे लिहीत जावे, आणि लिहून झाल्यावर काही क्षण बाजूला सरकावे. अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही याची कसोटी एकच : चित्रित तुकडा फोनवर उघडून वाचता येतो का. आपले बहुसंख्य विद्यार्थी फोनवरच पाहणार आहेत.

दुसरा मार्ग कागदाचा. वरून खाली पाहणारा कॅमेरा, म्हणजे डॉक्युमेंट कॅमेरा, बाजारात मिळतो. पण २०२० मध्ये पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला फोन बांधून छतापासून लोंबकळत ठेवला आणि फळ्यावर लिहीत वर्ग घेतला, ते छायाचित्र देशभर फिरले. तीच युक्ती कागदासाठीही चालते. फोनचा मागचा कॅमेरा बहुतेक स्वस्त वेबकॅमपेक्षा चांगला असतो, आणि वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर लिहिणाऱ्याची पाठ येत नाही. तिची जिद्द मोठीच होती, पण तिच्यावर ही वेळ यायला नको होती.

तिसरा मार्ग पेनने लिहिता येणाऱ्या टॅबलेटचा. त्यावर उत्तम काम होते, मात्र हाताला वळण पडायला काही आठवडे द्यावे लागतात. काचेच्या मागे उभे राहून, वाचणाऱ्याकडे तोंड करून लिहिण्याचा 'लाइटबोर्ड'ही आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक मायकल पेश्किन यांनी त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. दिसायला तो सुंदर असतो, पण अंधारी खोली, काचेच्या कडेला दिवे आणि चित्र आरशासारखे उलटवणे एवढा पसारा मांडावा लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नये.

संगणकावर काय हवे

ओबीएस स्टुडिओ हे फुकट आणि खुले सॉफ्टवेअर २०१२ पासून आहे आणि सामान्य लॅपटॉपवर चालते. पडदा, कॅमेरा आणि माइक एकत्र करून ते फाइल बनवते किंवा थेट प्रक्षेपण करते. त्यात एक निवड आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. चित्रीकरण एमपी-फोरऐवजी 'एमकेव्ही' स्वरूपात करावे. मध्येच वीज गेली तर साधी एमपी-फोर फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही. एमकेव्ही फाइल वीज जाईपर्यंतचा भाग जपून ठेवते. नंतर तिचे एमपी-फोर करता येते.

आता आकाराचा हिशेब. पंचेचाळीस मिनिटांचे व्याख्यान सेकंदाला ५ मेगाबिट या दराने साठवले तर फाइल सुमारे १.७ जीबीची होते. म्हणजे दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मुलाला एक तासही पुरा पाहता येणार नाही. स्लाइडवर हालचाल कमी असल्याने हेच व्याख्यान १ मेगाबिटने साठवले तरी अक्षरे स्वच्छ दिसतात, आणि फाइल ३४० एमबीच्या आसपास राहते. नुसता आवाज ६४ किलोबिटने ठेवला तर जेमतेम २२ एमबी. म्हणून प्रत्येक तासाच्या तीन गोष्टी ठेवाव्यात : हलकी चित्रफीत, नुसता आवाज आणि स्लाइडची पीडीएफ. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात नेटवर्कची एकच दांडी दिसत असताना ती २२ एमबीची फाइलच वर्ग असते.

हे सगळे ठेवायचे कुठे? डच विद्यापीठांत ब्राइटस्पेस किंवा कॅनव्हास यांसारखी अभ्यासक्रमाची दालने असतात. व्याख्यान, गृहपाठ, गुण सारे एका जागी. आपल्याकडे मूडल हा फुकट आणि भरवशाचा पर्याय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेले व्याख्यान महिनाभरात शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते.

अख्खा तास की लहान तुकडे

डेल्फ्टने २००७ मध्ये आपले अभ्यास साहित्य जगाला खुले केले आणि २०१३ च्या सप्टेंबरात 'एडएक्स' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर पहिले दोन अभ्यासक्रम सुरू केले : एक जलशुद्धीकरणावर, दुसरा प्राध्यापक आर्नो स्मेट्स यांचा सौरऊर्जेवर. सौरऊर्जेच्या पहिल्या खेपेलाच पन्नास हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदवली. मात्र वर्गातले चित्रीकरण उचलून तिथे टाकले नव्हते. हे धडे लहान तुकड्यांत, मुद्दाम कॅमेऱ्यासाठी तयार केले होते. एडएक्सवरच्या एकोणसत्तर लाख चित्रफीत-बैठकी तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जो निष्कर्ष मांडला तोही याच्याशी जुळतो : सहा मिनिटांच्या आतली चित्रफीत सर्वांत जास्त लक्षपूर्वक पाहिली जाते.

म्हणून अख्खा तास निरुपयोगी ठरतो का? अजिबात नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. पियेर गोरिसेन यांनी आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात २०१३ मध्ये पूर्ण केलेले संशोधन याच प्रश्नावर होते. चित्रित व्याख्याने आपण कशी पाहतो हे विद्यार्थी जे सांगत होते आणि सर्व्हरच्या नोंदी जे दाखवत होत्या, त्यांत मेळ नव्हता. वर्ग चुकलेला मुलगा, परीक्षेआधी एकच सिद्धता पुन्हा ऐकणारी मुलगी, इंग्रजीचा वेग न झेपल्याने मागे जाऊन ऐकणारा परदेशी विद्यार्थी, या सगळ्यांना नेमक्या जागी पोहोचायचे असते. त्यांच्यासाठी लांब चित्रफितीला विषयवार खुणा हव्यात : "१२ व्या मिनिटाला बर्नुलीचे समीकरण" अशी साधी यादीही चालेल. सात समुद्रांपलीकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्या सत्रात अशा चित्रफितींचा मोठा आधार असतो. डच माणसाचे इंग्रजी कानाला सवयीचे व्हायला वेळ लागतो, आणि भर वर्गात दर वाक्याला हात वर करता येत नाही.

लहान तुकड्यांचा सर्वांत चांगला नमुना शोधायला डेल्फ्टला जायचीही गरज नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहावा. साधारण दहा मिनिटांचे पडद्याचे चित्रीकरण, आधी लिहून नवख्या माणसाकडून तपासून घेतलेली संहिता, आणि त्याच चित्रावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतले निवेदन. तिथे संहिता आधी येते, चित्रीकरण सर्वांत शेवटी. खर्च कमी आणि शिस्त जास्त, असे हे काम आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाने अशी शिस्त उचलायला हवी होती, आणि अजूनही उशीर झालेला नाही.

सहकार

डच व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कोणत्याच वर्गात दिसत नाही. उत्रेख्त शहरात 'सर्फ' नावाची सहकारी संस्था आहे. विद्यापीठे आणि संशोधन संस्था तिच्या सभासद आहेत. जाळे, साठवण, सॉफ्टवेअरचे करार हे सगळे ती सामाईकपणे बघते. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साखर कारखाना काढला, त्याच जातीचे हे काम आहे : एकट्याला न झेपणारे यंत्र दहा जणांनी मिळून घ्यायचे आणि व्यापाऱ्याशी भाव एका तोंडाने ठरवायचा.

त्या एका तोंडाचा परिणाम २०२१ मध्ये दिसला. गूगलच्या शैक्षणिक सेवांमध्ये विद्यार्थ्यांच्या माहितीला धोका आहे असे तपासणीत निघाले आणि डच माहिती संरक्षण प्राधिकरणाने इशारा दिला. सर्फने शाळांच्या 'सिव्हॉन' या सहकारी संस्थेसोबत गूगलशी बोलणी केली आणि त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीने अटी बदलायला मान्यता दिली. झूमबरोबरही पुढे असेच झाले. एकट्या कॉलेजचे पत्र अशा कंपनीच्या दारात पोहोचलेही नसते.

'एडुरोम' ही कल्पनाही याच संस्थेतली. २००२ च्या सुमारास सर्फचीच शाखा असलेल्या सर्फनेटमधल्या क्लास विरेंगा यांनी ती मांडली : आपल्या विद्यापीठाचे खाते दुसऱ्या विद्यापीठाच्या वायफायवरही चालावे. आज ती जगभर आहे. आयआयटी मुंबईत एडुरोम वापरलेल्या विद्यार्थ्याचा फोन डेल्फ्टच्या आवारात पोहोचल्यावर आपोआप जोडला जातो.

महाराष्ट्रात सहकाराची परंपरा आहे, विद्यापीठे आहेत, आणि १९८४ पासून दूरदर्शनवरच्या यूजीसीच्या 'कंट्रीवाइड क्लासरूम'साठी कार्यक्रम करणारे माध्यम केंद्र पुणे विद्यापीठात होते. तरीही प्रत्येक कॉलेज झूमचे पैसे वेगळे भरते, आणि भौतिकशास्त्राचा तोच धडा शंभर ठिकाणी शंभर वेळा, बहुधा वाईट आवाजात, चित्रित होतो. याचे मला खरोखर दुःख वाटते.

कॅमेरा विद्यार्थ्याकडे वळतो तेव्हा

शिकवणाऱ्यावर रोखलेला कॅमेरा आणि शिकणाऱ्यावर रोखलेला कॅमेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपचा माहिती संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यामुळे तिथे चौकट शक्यतो व्यासपीठापुरती ठेवतात, आणि विद्यार्थी दिसणार असतील तर आधी सांगावे लागते.

ऑनलाइन परीक्षांनी मात्र ही मर्यादा ओलांडली. घरी बसून परीक्षा देणाऱ्यावर नजर ठेवणारे 'प्रॉक्टोरियो' सॉफ्टवेअर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाने वापरायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी परिषदा कोर्टात गेल्या. जून २०२० मध्ये कोर्टाने विद्यापीठाची बाजू मान्य केली आणि वर्षभराने अपिलातही तोच निकाल राहिला. त्यानंतर त्याच शहरातल्या फ्री युनिव्हर्सिटीतल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने मानवाधिकार संस्थेकडे तक्रार केली : सॉफ्टवेअरला आपला चेहरा नीट ओळखता येत नाही, तोंडावर दिव्याचा झोत धरावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये संस्थेने भेदभावाचा संशय ग्राह्य धरून विद्यापीठाला उलट सिद्ध करायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम निर्णयात सॉफ्टवेअरमुळे भेदभाव झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण विद्यापीठाने तिची तक्रार पुरेशा काळजीने हाताळली नाही असा ठपका बसला. लायडन विद्यापीठाने वर्गातली डोकी मोजण्यासाठी दारांवर लावलेले शेकडो कॅमेरेही विद्यार्थ्यांच्या निषेधानंतर २०२१ च्या डिसेंबरात बंद झाले.

सावळ्या वर्णाच्या, चाळीस वॉटच्या दिव्याखाली परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांचा विचार केला तर ती तक्रार परकी वाटत नाही. अशा देखरेखीपेक्षा पुस्तक उघडे ठेवून लिहायची प्रश्नपत्रिका काढावी आणि मग पाच मिनिटांची तोंडी घ्यावी. कष्ट जास्त पडतात, पण अपमान कुणाचा होत नाही.

एक प्रत बाहेर ठेवा

२३ डिसेंबर २०१९ रोजी मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या संगणकांना खंडणीखोरांनी कुलूप ठोकले. काही सर्व्हरच्या राखीव प्रतीही त्याच जाळ्यावर असल्याने त्याही अडकल्या. शेवटी विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, मोजले. सुरुवात कुणीतरी उघडलेल्या एका फसव्या ईमेलने झाली होती. व्याख्यानांची एक प्रत जाळ्याशी न जोडलेल्या हार्ड डिस्कवर, कपाटात, तारीख लिहून ठेवावी.

मराठी उपशीर्षके

युरोपात सार्वजनिक संस्थांनी २३ सप्टेंबर २०२० नंतर संकेतस्थळावर टाकलेल्या चित्रफितींना उपशीर्षके असावीत असा नियम आहे. तो ऐकू न येणाऱ्यांसाठी केला गेला, पण बसमध्ये आवाज बंद करून पाहणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो. डच आणि इंग्रजीची उपशीर्षके यंत्र आता बऱ्यापैकी लावते. मराठीत साधे बोलणे यंत्राला समजते, पण 'अपवर्तनांक' किंवा 'विकलन' असा शब्द आला की ते चाचपडते. प्राध्यापक मराठी आणि इंग्रजी एका वाक्यात मिसळून बोलले तर आणखीच.

यावर उपाय आहे आणि तो विभागाच्या आवाक्यातला आहे. विषयातल्या दोनशे-तीनशे संज्ञांची यादी एकदा करावी आणि यंत्राने काढलेला मजकूर त्या यादीशी ताडून घ्यावा. हे काम त्याच वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांना मोबदला देऊन सोपवावे, कारण कोणता शब्द चुकला हे त्यांनाच पटकन कळते. 'कमवा आणि शिका' योजना आपल्या अनेक कॉलेजांत आहेच. बागेला पाणी घालण्याच्या आणि ग्रंथालयात पुस्तके लावण्याच्या कामांसोबत तिच्यात उपशीर्षके तपासण्याचे कामही घालता येईल, आणि तपासणाऱ्या मुलाचा तो धडा त्यानिमित्ताने पक्का होईल.